टोपी पांढरी, हिशेब पक्का, पण गाडीच बंद!

कुठल्याही मॅनेजमेंट ट्रेनिंगला जा, दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या स्लाइडवर पांढरी टोपी येतेच. मग सुरू होते डबेवाल्यांची गोष्ट. 1 कोटी 60 लाख डब्यांमागे एक चूक, सिक्स सिग्मा, फोर्ब्सचं सर्टिफिकेट, प्रिन्स चार्ल्सची भेट, टाळ्या, टी-ब्रेक! (प्रिन्स चार्ल्स 2003मध्ये खरंच चर्चगेटला येऊन भेटले होते. सर्टिफिकेट मात्र नाहीच. फोर्ब्सने 1998मध्ये लेख छापला होता, आणि चुका किती होतात याच्या तोंडी अंदाजावरून आकडा काढला होता. बाकी सगळं आपल्या फॉरवर्ड मेल्सचं कर्तृत्व.)

पण गोष्ट तिथेच संपते, हा खरा प्रॉब्लेम आहे. धंदा आतून कसा घट्ट बांधायचा, एवढंच ट्रेनर सांगतो. बाहेरून काय काय येऊन आदळतं, ते अंधेरी स्टेशनबाहेर सकाळी दहाला उभं राहिलं की कळतं.

आधी आतलं बघू. 1890मध्ये महादू हवाजी बच्चे यांनी सुरू केलेलं हे काम. 1956मध्ये ट्रस्ट झाला, पण रोजचा कारभार ट्रस्ट नाही, गट बघतो. प्रत्येक गटाचा एक मुकादम. नवीन माणूस येतो तो बहुधा मावळ, मुळशी, खेड, जुन्नर या पट्ट्यातला, कुणाच्या तरी ओळखीनेच. त्यामुळे एचआरचा इंटरव्ह्यू गावातच झालेला असतो. कुणी पगारी नोकर नाही, सगळे भागीदार. गटाची कमाई वाटून घ्यायची. झाकणावर रंगाने काढलेली अक्षरं नि आकडे, त्यात उतरायचं स्टेशन, बिल्डिंग, मजला सगळं आलं. डबा चार-पाच हात बदलतो, तरी जेवायच्या वेळेला टेबलावर असतो. आपल्याकडे एक फाइल दोन डिपार्टमेंट ओलांडेपर्यंत अप्रेझल येतं, बॉस!

आता बाहेरचं. 3 जुलै 2018, सकाळी साडेसातच्या सुमारास अंधेरीच्या गोखले पुलाचा पादचारी भाग रुळांवर कोसळला. पश्चिम रेल्वे कित्येक तास ठप्प. त्या दिवशी कोडिंग तेच, मुकादम तोच, माणसंही तीच. पण गाडीच नाही म्हटल्यावर करणार काय? एका दिवसाचा फटका होता, निभावला. (पूल पूर्ण सुरू व्हायला मे 2025 उजाडला, पण तो वेगळ्या कॉलमचा विषय.)

मार्च 2020 मात्र निभावण्यासारखा नव्हता. लोकल बंद, ऑफिसं बंद आणि गिऱ्हाईक स्वतःच्याच घरात, डब्यापासून दहा पावलांवर. त्या ऑक्टोबरमध्ये डबेवाल्यांना लोकलने जायची परवानगी मिळाली, पण न्यायला डबे कुठे होते? कोविडआधी पाच हजारांच्या आसपास डबेवाले आणि दोन लाखांच्या घरात डबे, असे आकडे सांगितले जायचे. त्यातले कितीतरी जण गावी शेतीला लागले, कुणी रिक्षा धरली, कुणी सिक्युरिटीत गेलं.

इथे माझं मत जरा कडू आहे. फक्त ‘बाहेरच्या संकटाने’ घात केला, हे मला पटत नाही. जी आतली ताकद म्हणून मिरवली जाते, तीच इथे आड आली. कमाई वाटून घेतली की भांडण नाही, पण अडीनडीला गंगाजळीही फारशी उरत नाही. ओळखीचाच माणूस घ्यायचा म्हटलं की विश्वास पक्का, पण सगळ्यांचं गाव, सगळ्यांचं उत्पन्न आणि सगळ्यांची अडचण एकच. अख्खी यंत्रणा लोकलच्या टाइमटेबलवर घासूनपुसून बसवलेली. ती जितकी चोख, तितकी वळायला कठीण. मॅनेजमेंटच्या पुस्तकांत आतलं आणि बाहेरचं दोन वेगळ्या चौकोनांत लिहितात. धंद्यात ते असे वेगळे राहत नाहीत.

आणि बाहेरचं म्हणजे नेहमी पूर नाहीतर साथ असते असंही नाही. घर उपनगरात, ऑफिस फोर्टात, हा नकाशा गृहीत धरूनच हा धंदा वाढला. 1973मध्ये सीप्झ आलं, मग एमआयडीसी काचेच्या बिल्डिंगांनी भरली, पुढे बीकेसी उभं राहिलं. 2014मध्ये वर्सोवा-घाटकोपर मेट्रो आली आणि माणसांची आडवी ये-जा सोपी झाली. त्यात मोबाइलवर वीस मिनिटांत बिर्याणी. हे सगळं हळूहळू, कुणी दचकणार नाही अशा बेताने झालं.

सध्याचा पेच तर आपणच घातलाय. हायब्रिड! मंगळवार ते गुरुवार ऑफिस, बाकी दिवस घरून काम. डबेवाल्याचे पैसे महिन्यावर ठरतात. तुम्ही म्हणणार, तीन दिवसच डबा न्या आणि तेवढेच पैसे घ्या. पण सायकल, पास आणि माणूस सहाही दिवस लागतो, कारण तुमच्या शेजारच्या कंपनीचे तीन दिवस वेगळे असतात. दर वाढवला तर तुम्ही अॅप उघडणार, नाही वाढवला तर गटाच्या वाटणीत काय येणार? या महिन्याचा हिशेब मांडताना मुकादमासमोर हेच गणित आहे. तुमच्या टीममध्ये कुणी एमबीए असेल तर त्याला सोडवायला द्या.