विश्लेषण : घरात पाणी शिरले, विम्याचा दावा कसा कराल?

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणमध्ये शिरले. पूर ओसरल्यावर गावकऱ्यांनी केले तेच कोणीही करील. गाळ उपसला, घर धुतले आणि भिजलेल्या गाद्या, कपाटे, फ्रिज रस्त्यावर आणून टाकले. माणुसकीच्या दृष्टीने ते बरोबरच होते. मात्र ज्याच्या घराचा विमा आहे, त्याचा पुरावा त्या ढिगाबरोबरच कचऱ्याच्या गाडीत जातो. त्यामुळे पाणी उतरल्यानंतरचे पहिले दोन दिवस महत्त्वाचे ठरतात.

कोणत्या पाण्याची भरपाई मिळते?

विमा नियामक ‘इर्डाई’ने १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी लागू केली. तिच्यात कोणत्या धोक्यांमुळे झालेले नुकसान भरून मिळेल, याची यादीच आहे. वादळ, पूर आणि पाणी साचणे हे धोके त्यात आहेत. पाण्याची टाकी किंवा नळ फुटून, भरून वाहून झालेले नुकसानही त्यात येते. दरड कोसळणे आणि जमीन खचणे यांचाही समावेश आहे.

या यादीत नाही ती वर्षानुवर्षे मुरणारी ओल. गच्चीच्या फटीतून झिरपणारे पाणी, बाथरूमच्या भिंतीला आलेली बुरशी, उडालेले पोपडे ही देखभालीची कामे समजली जातात. अचानक घडलेली घटना आणि हळूहळू झालेली झीज यांतला हा फरक आहे. पाण्याच्या दाव्यांतील बरेचसे वाद इथेच होतात. म्हणून अर्जात नुसते ‘घरात पाणी आले’ असे लिहू नका. पाणी कुठून आले, कोणत्या दिवशी, किती वाजता आणि किती उंचीपर्यंत चढले, हे स्पष्ट लिहा.

आपला विमा आहे का, हे कसे कळणार?

गृहकर्ज घेताना अनेकांच्या घराचा विमा उतरवला जातो आणि कागद कर्जाच्या फाइलमध्ये पडून राहतो. कर्ज असेल तर बँकेकडे आधी चौकशी करा. असा विमा पुष्कळदा फक्त इमारतीचा असतो, सामानाचा नसतो. सोसायटीने घेतलेल्या इमारतीच्या विम्यातही तुमचा टीव्ही किंवा सोफा धरलेला नसतो.

‘भारत गृह रक्षा’मध्ये इमारत आणि सामान दोन्हींचा विमा घेतल्यास इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत सामानाला संरक्षण मिळते. त्यासाठी वस्तूंची यादी द्यावी लागत नाही. इमारतीचा विमा ३० लाखांचा असेल तर सामानाला ६ लाखांचे संरक्षण होते. दागिन्यांसाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. घरातली रोकड यात येत नाही.

पहिल्या ४८ तासांत काय करावे?

आधी वीज बंद करा. मग गाळ काढण्यापूर्वी मोबाइलवर चित्रीकरण करा. भिंतीवरची पाण्याची रेषा, प्रत्येक खोली, प्रत्येक वस्तू आणि यंत्रांवरचे मॉडेल व अनुक्रमांक त्यात दिसले पाहिजेत. मोबाइल हातातून जाण्याची भीती असेल तर फोटो लगेच नातेवाइकांना पाठवून ठेवा.

त्याच दिवशी विमा कंपनीला कळवा आणि दाव्याचा क्रमांक लिहून घ्या. फोनवर बोलणे झाले तरी ईमेल करा. दाव्याचा अर्ज नुकसान लक्षात आल्यापासून ३० दिवसांत द्यायचा असतो.

नुकसान वाढू नये म्हणून पाणी उपसणे, छपरावर ताडपत्री टाकणे ही कामे करावीच लागतात. त्यांच्या पावत्या जपा. भिजलेल्या वस्तू सर्व्हेअर पाहीपर्यंत भंगारवाल्याला देऊ नका. त्या सडत असतील, रोगराईची भीती असेल, तर कंपनीला तसे लिहून कळवा, फोटो काढा आणि मगच टाका. फ्रिज, वॉशिंग मशीन यांच्याबाबत दुरुस्ती करणाऱ्याकडून काय बिघडले आणि खर्च किती, हे लेखी घ्या.

तलाठ्याचा पंचनामा पुरेसा आहे का?

नाही. तो सरकारी मदतीसाठी असतो. विमा कंपनी स्वतःचा सर्व्हेअर पाठवते. मात्र पंचनाम्याची प्रत, हवामान विभागाची पावसाची नोंद आणि त्या दिवसाचे वृत्तपत्र यांमुळे घटना खरी असल्याचे सिद्ध व्हायला मदत होते. खरेदीची पावती भिजून गेली असेल तर कार्डाचे किंवा बँक खात्याचे विवरणपत्र, ऑनलाइन खरेदीचा ईमेल, अगदी घरच्या समारंभातले जुने फोटोही उपयोगी पडतात.

सर्व्हेअर आला की घर तुम्ही स्वतः दाखवा. न विचारलेले नुकसानही दाखवा आणि दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्या.

दावा नाकारला तर?

कारण लेखी मागा. पॉलिसीतील कोणत्या कलमाखाली दावा नाकारला, हे कंपनीने सांगितले पाहिजे. कळवायला उशीर झाला एवढ्याच कारणावरून खरा दावा फेटाळू नये, असे ‘इर्डाई’ने २०११ मध्येच बजावले आहे. पुरात फोन आणि रस्ते बंद असतात, तेव्हा हा मुद्दा कामी येतो.

पहिली तक्रार कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे करा. ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. तिथे शुल्क नाही, वकीलही लागत नाही. मात्र कंपनीने नकार दिल्यापासून एका वर्षात अर्ज केला पाहिजे. ग्राहक आयोगाचा मार्ग वेगळा आहे आणि त्याची मुदत दोन वर्षांची आहे.

मग अडते कुठे?

नियम पुरेसे आहेत, पण ते ज्याच्या घरात गुडघाभर चिखल आहे त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. पूरग्रस्त गावात तलाठी दारोदार फिरतो, तसे विमा कंपन्यांनीही मदत केंद्रे थाटून दावे जागेवर नोंदवून घ्यावेत. गृहकर्जासोबत विमा विकणाऱ्या बँकांनी त्याचा एक पानी मराठी सारांश ग्राहकाच्या हाती द्यायला हवा. हप्ता भरलेल्या माणसाला भरपाई मागताना संकोच वाटण्याचे कारण नाही. पुढचा पाऊस येण्याआधी एक काम करा. पॉलिसीचा फोटो आणि घरातल्या सामानाचे दोन मिनिटांचे चित्रीकरण आजच मोबाइलमध्ये साठवून ठेवा आणि त्याची एक प्रत घराबाहेरच्या विश्वासू माणसाकडे पाठवा.