विच्छेदन कक्षातली हवा कोण मोजणार?

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला विद्यार्थी विच्छेदन कक्षात शिरतात आणि पाच मिनिटांत डोळे चुरचुरू लागतात. ‘होईल सवय,’ असं सीनिअर सांगतात. सवय होते ती वासाची. देह टिकवायला वापरलेल्या फॉर्मॅलिनमधून उडणारा फॉर्माल्डिहाइड वायू फुफ्फुसांत जातच राहतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये या वायूला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. आधी पुरावा होता नाकामागच्या पोकळीतल्या कर्करोगाचा. पुढे रक्ताच्या कर्करोगाचीही भर पडली. अमेरिकेत कामाच्या ठिकाणी आठ तासांची सरासरी मर्यादा ०.७५ पीपीएम आहे. युरोपीय संघाने २०१९ मध्ये आपली मर्यादा ०.३ पीपीएम ठरवली.

सर्वाधिक धोका मात्र विद्यार्थ्याला नाही, तिथल्या अटेंडंटला आहे. देहदानातून आलेल्या देहाच्या मांडीतल्या रोहिणीतून द्रावण भरायचं, टाकीचं झाकण उघडून देह टेबलावर आणायचा, सांडलेलं पुसायचं, हे सगळं त्याच्याकडे. विद्यार्थी वर्षभराने पुढे जातो, हा निवृत्तीपर्यंत तिथेच. त्याच्या तोंडावरचा साधा सर्जिकल मास्क वायू अडवत नाही आणि फॉर्मॅलिनसाठी पातळ लॅटेक्सपेक्षा नायट्राइलचे हातमोजे बरे, हेही त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

पर्याय आहेत. ऑस्ट्रियात ग्राझ इथे वॉल्टर थील यांनी १९९२ मध्ये क्षार, बोरिक आम्ल आणि ग्लायकॉल वापरणारी, अत्यल्प फॉर्मॅलिनची पद्धत प्रसिद्ध केली. त्यात सांधे वाकतात, ऊतींचा मऊपणा टिकतो. स्कॉटलंडच्या डंडी विद्यापीठाने ती स्वीकारली. पण ती महाग आहे आणि देह कित्येक महिने टाकीत ठेवावा लागतो. प्लास्टिनेशन केलेले, म्हणजे ऊतींत प्लास्टिक भरून टिकवलेले, नमुने कोरडे, बिनवासाचे असतात. त्यांच्यावर विच्छेदन मात्र शिकता येत नाही. त्यामुळे स्वस्त आणि खात्रीचं फॉर्मॅलिन इतक्यात जाणार नाही.

मग हवेकडेच बघायला हवं. भिंतीवर उंच बसवलेला एक्झॉस्ट पंखा वाफ वर खेचतो, म्हणजे देहावर वाकलेल्या प्रत्येकाच्या नाकासमोरून. टेबलाच्या कडांतून हवा खाली ओढून घेणारी टेबलं मिळतात. नव्या कक्षांत तीच बसवावीत. जुन्या कक्षांत निदान सत्र भरात असताना टेबलाच्या उंचीवर वायू मोजावा, आकडा दारावर लावावा आणि अटेंडंटची दरवर्षी तपासणी महाविद्यालयाने स्वखर्चाने करावी.