ट्यूबवरचे नाव

रक्ताचा रिपोर्ट चुकला की आपण आधी मशीनला नावे ठेवतो, मग लॅबला. मशीन मात्र बहुतेक वेळा समोर आलेल्या रक्ताचा हिशोब बरोबरच देत असते. ते रक्त कुणाचे आहे आणि कसे काढले, हे त्याला कळत नाही. इटलीतील पादुआ येथील मारिओ प्लेबानी आणि पाओलो कारारो यांनी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतील चुकांचा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात सुमारे ६८ टक्के चुका नमुना मशीनमध्ये जाण्याआधीच्या टप्प्यात सापडल्या. प्रत्यक्ष तपासणीतल्या चुका सुमारे १३ टक्के होत्या. म्हणजे रोग्याच्या खाटेपासून लॅबच्या खिडकीपर्यंतचा प्रवासच जास्त धोक्याचा. तरीही नवे मशीन आले की फीत कापली जाते, फोटो छापून येतात. सुई धरणाऱ्या माणसाच्या प्रशिक्षणासाठी मात्र पैसा आणि वेळ शोधूनही सापडत नाही.

या चुका दिसायला किरकोळ असतात. जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून ईडीटीएचा पोटॅशियमयुक्त क्षार असतो. त्यातले थोडे रक्त दुसऱ्या ट्यूबमध्ये ओतले, तर रिपोर्टात पोटॅशियम वाढलेले आणि कॅल्शियम घटलेले दिसते. डॉक्टर मग नसलेल्या आजारावर उपचार सुरू करू शकतात. दंडाचा पट्टा एक मिनिटाहून जास्त वेळ आवळून ठेवला, सिरिंज जोरात ओढली किंवा ट्यूब हलक्या हाताने उलटसुलट करण्याऐवजी खळाखळा हलवली, तरी निष्कर्ष बिघडतात. ज्या हाताला सलाइन चालू आहे त्याच हातातून रक्त घेतले, तर सलाइनचीच तपासणी होते. रक्त गोठण्याच्या तपासणीची फिकट निळी ट्यूब खुणेपर्यंत भरली नाही, तर नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट हे प्रमाण मोडते. हे सगळे शिकवता येते, आणि शिकवल्याशिवाय कुणाला आपोआप येत नाही.

आता आपल्या घरातल्या दोन गोष्टी पाहा.

पहिली, नावांची. एकाच वॉर्डात तीन शेख आणि दोन पठाण असणे आपल्या वस्त्यांजवळच्या रुग्णालयात नेहमीचे आहे. मोहम्मद, महंमद, मुहंमद आणि नुसते ‘मो.’ हे एकाच माणसाच्या कागदांवर सापडते. आधार कार्डावर ‘बी’, केसपेपरवर ‘बानो’, अशी बाईची दोन नावे होतात. कुठे आडनाव आधी लिहितात, कुठे शेवटी. जुन्या पिढीतल्या अनेकांना जन्मतारीख ठाऊक नसते. अशा वेळी कर्मचाऱ्याने घाईत “फातिमा शेख तुम्हीच ना?” असे विचारले, तर घाबरलेली, कमी ऐकू येणारी म्हातारी मान हलवते. रक्त चढवण्याआधीचा नमुना असा दुसऱ्याच्या नावावर गेला, तर चुकीच्या गटाचे रक्त चढून जीव जाऊ शकतो.

उपाय साधा आहे. “तुमचे पूर्ण नाव काय?” असे विचारून रोग्याकडूनच नाव वदवून घ्यायचे. नावाबरोबर दुसरी खूण, म्हणजे केसपेपरचा नंबर किंवा जन्मतारीख, ताडून पाहायची. लेबल रक्त घेतल्यावर, तिथेच, रोग्यासमोर लावायचे. आधी लेबले लावून ठेवलेल्या ट्यूबांचा ट्रे घेऊन फिरायचे नाही. बुरख्यातल्या बाईची ओळख पटवायला चेहरा लागत नाही. नाव आणि नंबर लागतो, आणि तो सगळ्यांनाच लागतो.

दुसरी गोष्ट रमजानची. सकाळी नऊ वाजता उपाशीपोटीची साखर तपासायला माणूस येतो. “उपाशी आहात ना?” “हो, रोजा आहे.” उत्तर खरे आहे, पण सेहरीला जेवून जेमतेम चार-साडेचार तास झालेले असतात आणि या तपासणीला किमान आठ तास लागतात. साखर जास्त दिसते, गोळ्या वाढतात, आणि रोज्यातच साखर घसरण्याचा धोका उभा राहतो. प्रश्न एवढाच बदलायला हवा होता: “शेवटचे कधी खाल्ले?” ज्या प्रशिक्षणात रोग्याचे जगणे शिकवले जात नाही, ते अर्धेच प्रशिक्षण.

आपली कितीतरी मुले-मुली आज डीएमएलटी करून लॅबमध्ये काम करत आहेत. अनेकजण कंत्राटावर, कमी पगारात, सकाळच्या दोन तासांत वॉर्डच्या वॉर्ड उरकतात. पहिल्या दिवशी कुणीतरी “बघून घे” म्हणते, तेच त्यांचे प्रशिक्षण. चूक झाली की मात्र मेमो त्यांच्याच हातात पडतो. हा अन्याय आहे, असे मला स्पष्ट म्हणायचे आहे. केंद्राने २०२१ मध्ये संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी स्वतंत्र कायदा करून लॅबचे काम त्याच्या कक्षेत आणले. व्यवसाय म्हणून मान्यता द्यायची, तर शिकण्याची सोयही द्यायला हवी.

काय मागायचे? नव्या माणसाला आधी कृत्रिम हातावर सराव, मग अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली काम. दरवर्षी कौशल्याची तपासणी. लॅबने नाकारलेल्या प्रत्येक नमुन्याची कारणासह नोंद, आणि ती नोंद महिन्याला त्या-त्या वॉर्डसमोर. माणसाला धारेवर धरण्यासाठी नव्हे, तर पुढच्या वेळी काय शिकवायचे ते ठरवण्यासाठी. वॉर्डातल्या नर्स आणि रात्रपाळीचे कर्मचारीही त्यात हवेत, कारण रक्त फक्त टेक्निशियन काढत नाहीत. डीएमएलटीच्या मित्रमैत्रिणींनो, ही मागणी संघटितपणे करा. ती तुमच्या पगाराच्या मागणीइतकीच रास्त आहे.

आणि आपण, संस्था-संघटना चालवणारे? आपण मोहल्ल्यात आरोग्य शिबिरे घेतो. शाळेच्या वर्गात दोन टेबले मांडतो, दोनशे लोकांचे रक्त घेतो आणि संध्याकाळी आकडा अभिमानाने सांगतो. ट्यूबा खोक्यात दुपारभर उन्हात राहिल्या का, लेबले कुणी लावली, याची विचारपूस आपण करत नाही. साखरेसाठी साध्या ट्यूबमध्ये घेतलेले रक्त तासन्‌तास तसेच ठेवले, तर पेशी त्यातली साखर वापरत राहतात आणि रिपोर्टात मधुमेह लपून जातो. गरीब माणूस तो कागद वर्षभर जपून ठेवतो, कारण तो आपण दिलेला असतो. ती अमानत आहे.

म्हणून पुढच्या शिबिराच्या आदल्या दिवशी स्वयंसेवकांसाठी एक तास काढा. एखाद्या जाणत्या टेक्निशियनला बोलवा. नाव कसे विचारायचे, लेबल कधी लावायचे, ट्यूबा कशा आणि किती वेळात पोचवायच्या, एवढेच शिकून घ्या. रांग थोडी हळू सरकेल. दोनशेऐवजी दीडशे लोक होतील. चालेल. त्या दीडशे जणांच्या हातातला कागद त्यांचाच असेल.