फेलोशिप दिल्लीला, बातमी तालुक्याला

परवा एका पत्रकार मित्रानं लिंक पाठवली. ‘तंत्रज्ञान आणि लोकशाही’ या विषयावर लिहिणाऱ्यांसाठी फेलोशिप. सहा महिने, दरमहा मानधन, प्रवासखर्च वेगळा. खाली त्यानं लिहिलं होतं, ‘दादा, तुझाच विषय आहे.’ उघडून बघितलं. अर्ज इंग्रजीत, दोन छापून आलेले लेख इंग्रजीत आणि दोन संपादकांची शिफारसपत्रं. वीस वर्षं बातम्या लिहितोय, डिप्लोमाही केलाय, पण माझ्या संपादकांनी मला आजवर लेखी काही दिलं असेल तर ते दिवाळी अंकाच्या जाहिरातींचं टार्गेट.

ही तक्रार नाही. म्हणजे थोडी आहेच. पण मुद्दा वेगळाय.

तंत्रज्ञान आणि लोकशाही म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर एआय, डीपफेक, अमेरिकेची निवडणूक येते. आमच्याकडे या दोघांची गाठ रेशन दुकानात पडते. ऊसतोडीनं बोटांच्या रेषा झिजलेल्या म्हातारीचा अंगठा मशीन घेत नाही, आणि ‘उद्या या’ सांगायला समोर माणूस असला तरी निर्णय मशीनचा असतो. रोजगार हमीची हजेरी १ जानेवारी २०२३ पासून मोबाइल ॲपवर सक्तीची झाली, दिवसातून दोनदा फोटो. जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयानंच मान्य केलं की फोटोचे फोटो अपलोड होताहेत. लाडक्या बहिणीच्या केवायसीला नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारवरचा ओटीपी लागणार होता. जिचा नवराही गेला आणि वडीलही, तिनं काय करायचं, हे पोर्टल बनवताना कुणाच्या डोक्यातच आलं नाही. ओरड झाल्यावर सोय केली.

या सगळ्याच्या बातम्या आम्ही केल्या. दीडशे शब्दांच्या, फोटोसह. तेवढीच जागा असते.

आता जे खरं सांगायचंय ते. १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडची पाच माणसं, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागत फिरणारी. मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारलं. लोकशाहीचं सगळ्यात खालचं कार्यालय ते. त्यानंतर व्हॉट्सॲपनं भारतात फॉरवर्डवर पाचची मर्यादा घातली, वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या. त्या वर्षी देशभर फिरणारा एक व्हिडिओ तर मुळात कराचीतल्या बालसुरक्षेच्या जाहिरातीतला होता, शेवट कापलेला.

त्या आधीच्या आठवड्यात तसले मेसेज माझ्याही फोनवर आले होते. आमच्या गावातल्या तीन ग्रुपवर. मी हसून डिलीट केले. अफवेची काय बातमी करायची? ते कुठून येताहेत, कोण पाठवतंय, भटक्या समाजाच्या पालांवर काय भीती आहे, हे बघायला दोन दिवस लागले असते. त्या दोन दिवसांत माझ्याकडे एका पतसंस्थेची वर्धापनदिन पुरवणी होती. आमचा जिल्हा वाचला, हा आमचा गुण नव्हे.

फेलोशिपनं हेच दोन दिवस विकत मिळतात. पुरस्कार, फोटो, परदेशवारी हे सगळं वरचं. नव्वदच्या दशकात पी. साईनाथ एका इंग्रजी दैनिकाच्या फेलोशिपवर देशातल्या सर्वांत गरीब जिल्ह्यांत फिरले, म्हणून ‘दुष्काळ आवडे सर्वांना’ हे पुस्तक झालं. वेळ दिला की काम होतं.

मागे अशीच एक फेलो दिल्लीहून आली होती. मुलगी चांगली, कष्टाळू. तीन दिवस तिला गाडीवर मागं बसवून वस्त्या फिरवल्या, दुभाषाही मीच. लेख उत्तम झाला. माझा उल्लेख ‘स्थानिक मदत’ एवढाच, त्याचंही काही नाही. पण ज्या बाईवर तो लेख होता तिनं विचारलं, ‘भाऊ, काय लिवलं माझ्याबद्दल?’ मी मोबाइलवर इंग्रजी वाचून तोंडी मराठी करून सांगितलं. तहसीलदारसाहेबांनी तो वाचलाच नाही, त्यामुळे तिच्या कार्डाचं काहीच हललं नाही. फेलोशिप देणाऱ्यांनी दुसरं काही नको, अर्ज मराठीत घ्यावा आणि लेख आधी मराठीत छापून यावा एवढी अट घालावी.

निवड समितीतले लोक म्हणतात, छोट्या गावांतून प्रस्तावच बरे येत नाहीत. खरंय तेही. आम्ही ‘डिजिटल जनजागृती’ असलं काहीतरी लिहून पाठवतो, कारण प्रेसनोटची भाषा हाताला बसलीय. आणखी एक. गुगल, मेटा हेही पत्रकारांच्या प्रशिक्षणावर, फेलोशिपवर पैसा खर्च करत आलेत. ज्याच्यावर लिहायचं त्याच्याच पैशावर किती लिहिणार? (हे मी फेसबुकवरच लिहितोय, माहितीय. दुसरीकडे वाचणार कोण?)

असो. अर्ज भरतोय. विषय घेतलाय रेशनचं मशीन: आमच्या तालुक्यात सहा महिन्यांत किती अंगठे नाकारले गेले आणि त्या घरांत त्या महिन्यात काय शिजलं. शेवटची तारीख शुक्रवार. कुणाला इंग्रजी तपासून देता येत असेल तर इनबॉक्समध्ये सांगा. शिफारसपत्राचं अजून अडलंय.