मानाचं शेवटचं पान

मैत्रिणींनो, कुस्तीचं नाव काढलं म्हणून नाक मुरडू नका हं! टीव्हीवरच्या त्या आरडाओरड्यात एक गोष्ट अगदी आपल्या घरची आहे.

७ एप्रिल २०१९ रोजी अमेरिकेत न्यू जर्सीला ‘रेसलमेनिया’चा ३५ वा सोहळा झाला. या कुस्त्यांचा निकाल आधीच ठरलेला असतो. अंगमेहनत मात्र खरी. तिथे शेवटची कुस्ती सर्वांत मानाची. तो मान त्या रात्री प्रथमच बायकांना मिळाला: बेकी लिंच, शार्लट फ्लेअर आणि राँडा राउझी.

त्याआधी कोफी किंग्स्टनला अकरा वर्षांनी अजिंक्यपद मिळालं. त्याची चिमुरडी मुलं आखाड्यात आली, तेव्हा बघणाऱ्यांचे डोळे पाणावले.

पण सोहळा लांबला सात तासांच्या वर! बायकांची कुस्ती संपली तेव्हा मध्यरात्र उलटलेली, माणसं दमून गेलेली. बेकी जिंकली खरी. पण राँडाचा खांदा नीट टेकलेला नसतानाच पंचाने तीन मोजले. इतक्या मानाच्या कुस्तीचा शेवट असा घाईचा झाला.

आपलं तरी काय वेगळं होतं? सणाला पहाटेपासून राबायचं, आणि आपलं पान मांडेपर्यंत वरण गार, पोळ्या तुटक्या, गप्पांना कुणी जागं नाही!

तेव्हा येत्या सणाला दोन पदार्थ कमी करा, पण पहिल्याच पंगतीला बसा. नुसता मान देऊन भागत नाही. तो वेळेवर द्यावा लागतो. आणि घरात कुणी देत नसेल, तर आपणच पाट मांडून घ्यावा, नाही का?