थांबा हलवण्याआधी

गेल्या महिन्यात आमच्या शाळेजवळच्या काही दुकानदारांची बैठक झाली. मोहम्मद अली रोडवर, पुलाखाली एक बसथांबा आहे, तो हलवावा असा अर्ज महापालिकेला द्यायचा होता. अर्ज मराठीत हवा, आणि मराठी म्हटलं की लोकांना उर्दू शाळेतल्या मराठीच्या टीचर आठवतात. एरवी मला अशा बैठकीला कोणी बोलावत नाही. मी गेले. चहा झाला, खारी झाली, मग मजकूर तोंडी सांगण्यात आला. बस थांबते, मागे ट्रॅफिक तुंबतं, गिऱ्हाइकाला गाडी उभी करता येत नाही, धंदा बसतो, सबब थांबा पुढच्या सिग्नलपलीकडे न्यावा.

मी तो अर्ज लिहिला नाही. कारण विचारलं तेव्हा मला तिथे धड बोलताही आलं नाही. समोर सगळे ओळखीचे, निम्म्यांच्या मुली माझ्या हाताखालून गेलेल्या. एक सेठ हसून म्हणाले, "टीचर, आप तो बस से आती हैं, इसलिए." बरोबर आहे, मी बसनेच येते. म्हणूनच जे मला दिसतं ते त्यांना काउंटरमागून दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्या थांब्यावर मुद्दाम अर्धा तास उभी राहिले. माझी बस आली तरी चढले नाही. थांब्याच्या खांबाला लागून एक पांढरी गाडी, तिच्यापुढे माल उतरवणारा टेम्पो, त्याच्यापुढे दोन गाड्या आणि चार-पाच मोटरसायकली. बस येते, तिला फुटपाथला लागायला जागाच नाही. मग ड्रायव्हर ती रस्त्याच्या मधोमध उभी करतो. म्हातारी माणसं, बुरख्यातल्या बाया, पाठीवर दप्तरं घेतलेली पोरं गाड्यांच्या फटीतून आणि मोटरसायकलींच्या पुढून वाट काढत तिच्यापर्यंत पोहोचतात. या सगळ्याला वेळ लागतो. मागे हॉर्न सुरू होतात. आणि दुकानात बसलेल्या माणसाला दिसतं ते एवढंच, की बसने रस्ता अडवला!

बसने रस्ता अडवला नाही. बसचा रस्ता अडवला गेला आहे, आणि तो अडवणारी गाडी बहुतेक वेळा रिकामी असते. तिचा मालक आत अत्तर किंवा सुका मेवा बघत असतो.

हिशेब चौथीच्या मुलीलाही जमेल असा आहे. बारा मीटरच्या बसच्या जागेत जेमतेम तीन गाड्या मावतात. माझ्या थांब्यावरून सकाळी जाणाऱ्या बसमध्ये पन्नास-साठ माणसं असतात. त्या तीन गाड्यांत मिळून चार, फार तर पाच. साठ माणसांनी पाच माणसांसाठी थांबायचं, की पाचांनी साठांसाठी? वर्गात मी हा प्रश्न गणित म्हणून घातला. मुलींनी तो गणित म्हणून घेतलाच नाही. "टीचर, इसमें पूछने का क्या है?" असं म्हणाल्या. घरी गाडी आहे त्यांनी हात वर करा म्हटलं, तर अख्ख्या वर्गातून दोन हात वर आले.

जागेचा अजून एक हिशेब आहे, तो मला जास्त टोचतो. एक गाडी उभी करायला साधारण अडीच मीटर बाय पाच मीटर लागतात, म्हणजे सव्वाशे-दीडशे चौरस फूट. डोंगरीच्या जुन्या चाळीत तेवढ्याच खोलीत माझ्या मुली आई-वडील, भावंडं आणि दादीसकट राहतात, अभ्यास करतात, परीक्षा देतात. त्या खोलीचं भाडं, वीज, पाणी, दुरुस्ती यांवरून घराघरांत भांडणं होतात. बाहेर तेवढीच जागा दिवसभर एका गाडीला, पुष्कळदा फुकट, दिलेली असते आणि त्यावर कोणी ब्र काढत नाही.

या शहरातली पहिली मोटरबस १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी धावली. क्रॉफर्ड मार्केट म्हणजे आमच्या रस्त्याचं तोंड. बस इथे उपरी नाही, या रस्त्यावर आज उभ्या असलेल्या कुठल्याही गाडीपेक्षा तिचा हक्क जुना आहे. १९४७च्या ऑगस्टमध्ये, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, बेस्ट महापालिकेच्या मालकीची झाली, म्हणजे तुमच्या-माझ्या मालकीची. साधारण पंधरा वर्षांपूर्वी तिच्याकडे चार हजारांहून जास्त बस होत्या. आज तीन हजारांच्या आत आहेत, आणि त्यातल्या बहुतेक कंत्राटदारांच्या, भाड्याने घेतलेल्या. जुलै २०१९मध्ये कमीत कमी तिकीट पाच रुपयांवर आणलं तेव्हा आम्ही दुवा दिली होती. मे २०२५मध्ये ते दहा झालं, एसी बसचं बारा. शाळकरी मुलींना पासची सवलत असते, पण धुणीभांड्याला कुलाब्याकडे जाणाऱ्या त्यांच्या आयांचं तिकीट एका रात्रीत दुप्पट झालं. त्याच महापालिकेने दहा किलोमीटरच्या किनारी रस्त्यावर तेरा हजार कोटींहून जास्त खर्च केले. त्यावर गाडीवाल्याला टोल नाही. दुचाकीला आणि तीनचाकीला मात्र बंदी आहे.

आणि आमच्या डोक्यावरचा पूल? २००२ साली जे. जे. हॉस्पिटलपासून क्रॉफर्ड मार्केटच्या पलीकडे जवळजवळ अडीच किलोमीटरचा उड्डाणपूल झाला. नाव आमच्या माहीमच्या बाबांचं, कुतुबे कोकण मखदूम अली माहिमींचं. नावाबद्दल शुक्रिया, माझं माहेर रत्नागिरीकडचं, मला त्या नावाचा अभिमानच आहे. पण पूल कोणासाठी आहे? ज्याला भेंडी बाजारात काही काम नाही, ज्याला आमच्या खिडक्यांसमोरून न थांबता निघून जायचं आहे, त्याच्यासाठी. पुलावर मधे थांबा नाही, उतरायला जिना नाही, दुचाकीला तिथेही बंदी. खांबांनी खालच्या रस्त्याची मधली पट्टी खाल्ली. वरचे लोक पाच मिनिटांत पार होतात, खालच्या बसला त्याच अंतराला कधी कधी अर्धा तास लागतो. मेट्रो आली की सुटेल असं सांगितलं जात होतं. भुयारी मेट्रो आली, चांगली आहे, मी बसून आले. तिची स्थानकं सीएसएमटीला, काळबादेवीला, गिरगावला, ग्रँट रोडला आहेत. मोहम्मद अली रोडवर एकही नाही.

इथे एक टोमणा ठरलेला असतो, तो आधीच उचलते. "तुमच्या भागात शिस्तच नाही, फेरीवाले, गर्दी, रमजानमध्ये तर विचारू नका." रमजानच्या रात्री खायला अख्खी मुंबई इथे येते आणि तिच्यातला बराच भाग गाडी घेऊन येतो, हे टोमणा मारणाऱ्याला ठाऊक असतं, कारण पुष्कळदा तोही येऊन गेलेला असतो. गर्दी पायी चालणाऱ्यांची असेल तर ती वाट काढते. रस्ता गच्च होतो तो पत्र्याने.

पण हा टोमणा परतवून आपण सुटत नाही. जुम्याच्या दिवशी मशिदीसमोर दुहेरी-तिहेरी रांगेत गाड्या कोण लावतं? बाहेरचे लोक नाहीत. खुत्बा सुरू होण्याच्या दोन मिनिटं आधी गाडी आडवी टाकून आत धावणारे आपलेच भाऊ आहेत. पैगंबरांनी (स.) रस्त्यावर बसणाऱ्यांना रस्त्याचा हक्क द्यायला सांगितलं आणि त्या हक्कात कोणाला त्रास न देणं सांगितलं. वाटेतली इजा करणारी वस्तू बाजूला करणं ईमानाचाच एक भाग आहे, हे मकतबमध्ये आपण सगळे शिकलो. काटा, दगड, हाड, एवढंच आपल्या डोळ्यांपुढे येतं. स्वतःची गाडी येत नाही. आखाती देशातून परतलेला मुलगा पहिल्यांदा गाडी घेतो आणि मोहल्ला मुबारकबाद देतो, लग्नाच्या बोलणीत गाडी आहे का हे आता उघड विचारलं जातं. घ्या गाडी, मला हेवा नाही. फक्त ती ठेवणार कुठे, हे घेण्याआधी ठरवा.

आता मूळ गोष्ट, जिच्यामुळे मी हे सगळं लिहायला बसले.

दोन वर्षांपूर्वी माझी एक विद्यार्थिनी दहावीला उत्तम गुणांनी पास झाली. मराठीत तर तिला माझ्या अपेक्षेपेक्षा जास्त मिळाले. विज्ञान शाखेसाठी ज्या कॉलेजात नाव लागलं ते पाच-सहा किलोमीटरवर, सरळ एका बसचं अंतर. महिनाभर ती गेली. कधी पंचवीस मिनिटांत पोहोचायची, कधी सव्वा तासात. पहिलं प्रॅक्टिकल दोनदा बुडालं. संध्याकाळी सात वाजले तरी पोरगी पुलाखाली अडकलेल्या बसमध्येच. तिचे अब्बा मला भेटायला शाळेत आले. भले माणूस आहेत, मुलींना शिकवू नये म्हणणारे नाहीत. म्हणाले, "टीचर, टॅक्सी मुझसे होती नहीं. और बस का भरोसा नहीं. रोज मगरिब के बाद उसकी अम्मी दरवाजे में खड़ी रहती है." मी त्यांना काय सांगणार होते? मलाही बसचा भरोसा नव्हता. मुलीने जवळच्या कॉलेजात आर्ट्सला नाव घातलं. आर्ट्स वाईट नाही, मीही आर्ट्सचीच. पण तिला ते नको होतं.

मुसलमानांच्या मुली का गळतात यावर परिसंवाद होतात, मीही दोनदा बोलले आहे. पडदा, गरिबी, लवकर लग्न, सगळं येतं. २००६च्या सच्चर अहवालात मुसलमान वस्तीच्या खेड्यांना पक्के रस्ते आणि बसथांबे कमी आहेत हेही नोंदलेलं आहे. ते वाक्य परिसंवादात कोणी वाचत नाही. आणि हा तर मुंबईच्या मध्यावरचा रस्ता, इथे थांबा आहे, बस आहे, फक्त ती हलत नाही. बी.एड.ला आम्हाला उशिरा येणाऱ्या मुलांची कारणं शोधा असं शिकवलं होतं. मी कित्येक वर्षं अशा मुलींना पहिल्या तासाला बाहेर उभं केलं. त्याची आता लाज वाटते.

बसला वेगळी मार्गिका द्या म्हटलं की दिल्लीचं उदाहरण तोंडावर फेकतात. दिल्लीत २००८ साली आंबेडकरनगर ते मूलचंद अशी मार्गिका झाली, गाडीवाले कोर्टात गेले, २०१२ साली दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांची याचिका फेटाळली. तरीही २०१६पर्यंत ती उखडली गेली. कोर्टात हरलेले रस्त्यावर जिंकले, याचा अर्थ मार्गिका चुकीची होती असा होत नाही. लंडनने २००३पासून शहराच्या मध्यभागात गाडी आणणाऱ्याकडून पैसे घ्यायला सुरुवात केली आणि ते वाहतुकीवरच लावले. तिथे धंदे बुडाले नाहीत. आमच्या दुकानदारांची भीती मला कळते, पण त्यांनी एक दिवस दारातून आत येणारं गिऱ्हाईक कसं आलं हे विचारून बघावं. गाडीवाला लक्षात राहतो, कारण तो मोठी खरेदी करतो आणि हॉर्न वाजवतो. रोजचा गल्ला पायी येणाऱ्या बायांवर चालतो.

तेव्हा मी दुसरा अर्ज लिहिला आहे. थांबा जिथे आहे तिथेच ठेवा. थांब्याच्या मागेपुढे बसच्या दोन लांबींइतकी जागा पिवळ्या पट्ट्यांनी आखा आणि तिथे उभी गाडी उचलून न्या, जुम्यालाही आणि इफ्तारच्या वेळीही. सकाळी सात ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते नऊ पुलाखालची डावी मार्गिका फक्त बस आणि अँब्युलन्सला. माल उतरवणं रात्री दहानंतर, त्यासाठी टेम्पोवाल्यांशी आणि हमालांशी आधी बोला, त्यांची मजुरी बुडता कामा नये. यात पूल नाही, भुयार नाही. रंग आणि हवालदार, एवढाच खर्च.

अर्ज मराठीत आहे, सोबत उर्दू तर्जुमा जोडला आहे. आतापर्यंत त्रेसष्ट सह्या झाल्या, बहुतेक आयांच्या, काही अंगठे. दुकानदारांच्या चार. त्यातले एक म्हणाले, सही करतो पण माझं नाव बैठकीत घेऊ नका. बरं म्हटलं. पुढची बैठक मंगळवारी, इशाच्या नमाजनंतर आहे. या वेळी मला बोलावलेलं नाही, तरी मी कागद घेऊन जाणार आहे.