हलक्या कानाचे यंत्र

'हलक्या कानाचा माणूस' म्हणजे काय, हे मराठी घरात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. कानावर पडेल ते खरे मानणारे एखादे काका प्रत्येक कुटुंबात असतातच. पण यंत्रही हलक्या कानाचे असू शकते, हे मी शिकलो ते जोहे गावच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडून.

पेण तालुक्यातले हे गाव गणपतीच्या मूर्तींसाठी सर्वांना ठाऊक आहे. याचे वडील मूर्तिकार; हा मात्र एका कारखान्यात वायरिंगचे काम करतो. तेथले पत्रा कापणारे एक यंत्र मधूनच मिलिमीटर-दोन मिलिमीटर चुकू लागले. ठपका आला तो यंत्र चालवणाऱ्या पोरावर. त्याची नोकरी जाण्याची वेळ आली, तेव्हा आमच्या विद्यार्थ्याने यंत्राची पेटी उघडली.

"सर, मोटारीला एन्कोडर म्हणून एक मोजणारा बसवलेला असतो. दर फेऱ्याला तो २,५०० ठोके देतो. मोटार मिनिटाला ३,००० फेरे घेते."

मी हिशेब केला. सेकंदाला १,२५,००० ठोके! हे ठोके मोजूनच कंट्रोलर पाते कुठे पोचले ते ठरवतो.

साध्या बटणाची तार कंट्रोलर सावकाश ऐकतो. क्षणभर खरखर झाली तर मनावर घेत नाही. एन्कोडरच्या तारेला ही चैन परवडत नाही. इतके घाईचे ठोके टिपायचे तर कान सताड उघडा हवा. आणि उघड्या कानात शेजारणीची चहाडीही शिरते. इथे ५ व्होल्टच्या या नाजूक तारेबरोबर, एकाच नळीतून, मोटारीची केबल नेली होती. तिच्यात ५०० हून अधिक व्होल्ट सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतात. कंट्रोलरने त्या चहाड्याही ठोके म्हणून मोजल्या!

"मग केलेस काय?"

"दोन्ही केबली वेगळ्या केल्या, सर. मध्ये वीतभर अंतर. ओलांडायचेच झाले तर काटकोनात. संकेताला पीळ घातलेल्या दोन तारा वापरल्या. एकीवर संकेत, दुसरीवर त्याच्या उलट. बाहेरची खरखर दोघींवर सारखीच पडते. कंट्रोलर दोघींतला फरक तेवढा घेतो, की खरखर वजा! वरून तांब्याची जाळी; तीही लांब शेपटी काढून नाही जोडली, पट्टीने सभोवार आवळून पेटीच्या पत्र्याला बसवली."

यातली पिळाची युक्ती टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलने १८८१ मध्येच पेटंट केली होती. आणि अंतर राखण्याच्या युक्तीचे उदाहरण तर आमच्या रायगड जिल्ह्यातच उभे आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत. शहरात विजेच्या ट्राम येणार असे दिसताच, तिथली सूक्ष्म उपकरणे बिथरतील हे ओळखून संचालक नानाभॉय मूस यांनी अलिबागला लोखंडाविना नवी वेधशाळा उभारली. १९०४ मध्ये तेथे काम सुरू झाले. १९०६ पर्यंत दोन्हीकडच्या नोंदी ताडून पाहिल्या. विजेची ट्राम धावली १९०७ मध्ये. शहराला गप्प बसवणे शक्य नव्हते, म्हणून कानच दूर नेला.

वडील हे सारे ऐकत होते. म्हणाले, "आमच्यातही डोळ्यांची आखणी करणाऱ्याला बाजूला बसवतात, गुरुजी. त्याला कुणाचा धक्का लागलेला चालत नाही."

यंत्र आता बिनचूक मोजते, आणि तो पोरगाही त्याच यंत्रावर आहे. नवे यंत्र न घेता, केवळ तारांची जागा बदलून एका घरची चूल पेटती राहिली.

तेव्हा वाचकहो, दिवाळीला सारे जमाल, तेव्हा हलक्या कानाच्या काकांवर रागावण्याआधी एवढे पाहा: त्यांच्या शेजारी पाट कुणाचा मांडला आहे?